ऐंशीच्या पुढे

केडगावात पुणे रस्त्याला लागून परवेझ मिस्त्रीचं गॅरेज आहे. ते शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. दारात कायम एखादी अशी मोटारसायकल उभी असते, की बसमधली माणसंसुद्धा मान वळवून बघतात. पुढचं चाक इंजिनापासून हातभर लांब गेलेलं, हँडल चालवणाऱ्याच्या खांद्यापर्यंत चढलेलं, मागचं टायर जीपला शोभेल इतकं रुंद आणि टाकीला मोराच्या मानेसारखा निळा-हिरवा रंग. ‘लांब गाडी’ असं तिला सगळा जिल्हा म्हणायचा, आणि लांब गाडी म्हटलं की परवेझ.

परवेझचे वडील अलीमचाचा उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. वेल्डिंग परवेझ त्यांच्याकडेच शिकला, पण ट्रॉलीत त्याचं मन रमलं नाही. जुनी थोरली गाडी घ्यायची, तिच्या चासीची मान, म्हणजे हँडल बसतं तो पुढचा भाग, कापायची, ती पुढे कलती करून पुन्हा जोडायची, लांब शॉकअप बसवायचे, हे त्याचं खरं काम. सीट शिवायची त्याची बायको नाझनीन. गॅरेजच्या मागच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि रेक्झिनवर ती अशी शिलाई घालायची की गिऱ्हाईक आधी सीटवरून हात फिरवायचं आणि मग बाकीची गाडी बघायचं. चासीला असा हात लावायला कायद्याने परवानगी नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक होतं आणि परवेझलाही. त्याविषयी कुणी बोलत नसे.

ह्या गाड्या जायच्या कुठे? वरातीत. घोड्याऐवजी नवरदेव लांब गाडीवर बसायचा, पुढे बँड, मागे वऱ्हाड. कुणी पुढारी वाढदिवसाला तिच्यावरून गावभर फिरायचा. कुणी लग्नाआधीचे फोटो काढायला ती भाड्याने न्यायचा. बँडच्या चालीने चालणाऱ्या गाड्या त्या. त्यांच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही.

स्वतः परवेझ मात्र गाडी चालवत नव्हता. म्हणजे गॅरेजच्या दारातून पेट्रोलपंपापर्यंत न्यायचा, परत आणायचा, तेवढंच. तरुणपणी त्याने पहिली लांब गाडी स्वतःसाठी बनवली होती आणि दौंड रस्त्याला तो तिच्यावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं. रस्त्यावर वाळू सांडली होती, त्यावरून घसरला, असं सगळे म्हणाले, आणि त्यानेही तेच खरं धरलं. हाड जुळलं, पण नंतर गाडीवर बसलं की तिसऱ्या गिअरला त्याचे तळहात घामाने भिजायचे. हळूहळू त्याने नादच सोडला. बाजाराला जायचं तर नाझनीन स्कूटर चालवायची आणि हा मागे पिशव्या धरून बसायचा. गल्लीतली पोरं हसायची. तोही हसायचा.

अशात एके दिवशी मनवा गॅरेजवर आली.

मनवा केडगावचीच. तिचे वडील शामकांतकाका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आई पूर्वीच वारलेली. मनवा राहात्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायची आणि शनिवारी वडिलांकडे यायची. तिने एक जुनी मोठी गाडी विकत घेतली होती, ती ढकलतच आत आणली.

“परवेझभाई, हिची लांब गाडी करायची. शाळेत जाता-येता तुमच्या दारातल्या गाड्या बघत मोठी झालेय मी.”

परवेझ खूश झाला. “रंग कुठला?”

“रंग नंतर. आधी एक सांगते. मला ही वरातीला नकोय. राहात्याहून दर शनिवारी ह्याच गाडीवर येणार आहे मी. लांब लांब फिरायलाही जाणार आहे.”

“मग काय मॅडम, गाडी चालवायलाच असते की!” परवेझ म्हणाला. ते वाक्य त्याने मनापासून ऐकलंच नव्हतं. त्याचे डोळे चासीच्या मानेवर होते. कुठून कापायची ते तो ठरवत होता.

त्याने गाडी बनवली आणि जीव ओतून बनवली. मान नेहमीपेक्षा जास्त कलती केली, कारण मनवाला ती ऐट आवडली होती. वारं लागू नये म्हणून हँडलवरच उंच काच बसवली. सामान न्यायचं म्हणून मागच्या चाकाच्याही मागे दोन दणकट पेट्या लावल्या. रुंद टायर मावेना, तेव्हा चाक जरा डावीकडे सरकवून बसवलं. नाझनीनने सीटला जांभळ्या धाग्याची शिलाई घातली. गाडी दारात उभी राहिली, तेव्हा दोन दिवस तिच्याभोवती माणसं जमत होती.

राहात्याचा रस्ता खड्ड्यांचा. त्यावर साठाच्या वर जायची सोयच नव्हती, त्यामुळे पहिले काही शनिवार सुखात गेले. मग एका रविवारी सकाळी मनवा गाडी घेऊन नगरच्या बाह्यवळण रस्त्यावर गेली. नवा, रुंद, मोकळा रस्ता. तिने गाडी सोडली.

तासाभराने ती गॅरेजवर आली ती हळू, एकदम कडेकडेने. हेल्मेट काढलं तर ओठ पांढरे पडलेले.

“काय झालं?” परवेझ उठून उभा राहिला.

“हँडल. ऐंशीच्या पुढे गेले आणि हँडल फडफडायला लागलं. मी घट्ट धरलं तर आणखीच जोरात. हातातून सुटतंय असं वाटलं.”

“रस्त्यावर काही असेल. नाहीतर मॅडम, मोठ्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो. हात थोडे सैल...”

“रस्ता आरशासारखा होता.” मनवाने त्याला पुढे बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही, पण नजर त्याच्यावरून काढली नाही. “परवेझभाई, तुम्ही ही गाडी ऐंशीच्या पुढे नेऊन बघितली होती का?”

मागच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं.

“नाही,” परवेझ म्हणाला.

“साठ?”

त्याने पान्याला लागलेलं ग्रीस फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. “नाही. पंपापर्यंत नेली होती.”

मनवाने किल्ली त्याच्यासमोर ठेवली. मग म्हणाली, “मी ठेवून जाते. काय ते बघा.”

परवेझला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. राग अशासाठी, की आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. त्याने कोनसेट उघडला. हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग जरा ढिलं होतंच. ते आवळलं. पुण्याहून एक डॅम्पर मागवला. दरवाजा धाडकन आपटू नये म्हणून वर तेलाची नळी लावतात, तसलाच प्रकार. हँडल आणि चासी यांच्यामध्ये तो आडवा बसवला. हँडल जड, शांत झालं. परवेझने मनवाला फोन करून सांगितलं, “झालं मॅडम. आता हँडल हलणार नाही.”

हँडल हललं नाही, हे खरं. पुढच्या रविवारी मनवाचा फोन आला तो बाह्यवळण रस्त्यावरून. “मी रस्त्याच्या कडेला बसलेय. मला न्यायला या. मी हिच्यावर बसणार नाही.”

परवेझचा चुलतभाऊ अमीर टेम्पो चालवायचा. दोघे टेम्पो घेऊन गेले. मनवा गवतात बसली होती, गाडी दूर उभी केलेली. अमीरने तिला पाण्याची बाटली दिली. झाकण त्यानेच उघडून दिलं.

“गेल्या वेळी हातात होतं,” ती सांगू लागली. “भरभर फडफडत होतं. आज हात शांत. आज कमरेखालून आलं. हळू, डावीकडे, उजवीकडे. पाळण्यासारखं. पाळणा आपण ढकलायचं थांबलो की थांबतो, हा थांबेना. प्रत्येक झोका मोठा. शेजारून टँकर चालला होता, परवेझभाई. मी ब्रेक लावला नाही, का ते मला माहीत नाही. नुसती रेस सोडली आणि वाट बघितली.”

“ब्रेक लावला नाहीत म्हणून वाचलात,” अमीर म्हणाला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला होता. “परवेझ, हे तर उसाच्या ट्रॉलीसारखं झालं. माल मागे भरला आणि ट्रॅक्टरवाल्याने पळवलं की मागची ट्रॉली अशीच शेपूट हलवते.”

परवेझ गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि त्या दोन पेट्यांकडे बघत राहिला. अलीमचाचा ट्रॉली भरणाऱ्या मजुरांवर ह्याच गोष्टीवरून ओरडायचे, “पुढे भरा रे, पुढे! मागे भरलीत तर घरी पोचणार नाही!” लहानपणापासून हे त्याच्या कानावर पडलं होतं आणि तरीही पेट्या त्याने मागच्या चाकाच्या मागे टांगल्या होत्या, कारण तिथे त्या छान दिसत होत्या.

त्या आठवड्यात परवेझने गाडी पार मोकळी केली. जे सापडत गेलं ते नाझनीन दारात उभी राहून बघत होती. मागचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याचे बुश झिजून लंबगोल झालेले. दोन्ही चाकांना दोरी लावून बघितली तर मागचं चाक पुढच्याच्या ओळीत नव्हतंच. काच हँडलवर असल्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट हँडलला बसत होता. आणि चासीची मान. ती त्याने शिकंज्यात धरली, लांब पाइप घालून नेट लावला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती किंचित पिळली गेली. वेल्डिंग पक्कं होतं. पण त्याने जो आकार दिला होता त्यात जोर नव्हता.

“एक काहीतरी बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं,” तो नाझनीनला म्हणाला. “बुश सोडले तर बिघडलेलं काहीच नाही. सगळं मीच बसवलंय.”

“मग तूच काढ,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “काढल्यावर अशीच दिसेल?”

“नाही. अशी नाही दिसणार.”

मान त्याने पुन्हा कापली आणि मूळच्या जवळपास आणली, आतून पट्ट्या घालून मजबूत केली. काच हँडलवरून काढून चासीला जोडली. पेट्या पुढे सरकवून सीटच्या दोन्ही बाजूंना खाली घेतल्या. टायर अरुंद घातलं, चाकं एका ओळीत आणली. हे सगळं एका दमात झालं नाही. एक गोष्ट करायची आणि पळवून बघायची, असंच ते करावं लागणार होतं. आणि पळवून बघायचं कुणी?

“मी नाही,” मनवाने स्वच्छ सांगितलं. “दोनदा झालं. आता आधी तुम्ही बसा. तुमच्या हाताला पटली तर मी बसेन.”

तिचं म्हणणं रास्त होतं. अमीर म्हणाला, मी बसतो. परवेझने नकारार्थी मान हलवली. “तुला काय कळणार कुठे काय बदललंय ते.” असं म्हणाला खरा, पण घरी गेल्यावर ताटातला भात नुसता चिवडत बसला. नाझनीनने त्याचं ताट उचललं आणि म्हणाली, “मी टेम्पोत अमीरभाईंच्या शेजारी बसते. तुझ्या मागेच राहू. पडलास तर उचलायला आहोत.” आणि मग हसून, “स्कूटरवर तू मागे बसतोस, आज मी मागे.”

सकाळी बाह्यवळण रस्ता मोकळा होता. परवेझने गाडी चालू केली आणि पहिला अर्धा तास तो चाळीसच्या वर गेलाच नाही. टेम्पो मागून येत होता, त्याला आरशात नाझनीनची ओढणी दिसत होती. पन्नास. साठ. तळहात भिजले. तिसऱ्या गिअरवरून चौथा टाकताना त्याने श्वास रोखून धरला, आणि गिअर पडला. काही झालं नाही. वारा, इंजिनाचा आवाज आणि कडेची बाभळीची झाडं. पंचाहत्तरच्या पुढे गाडीने किंचित शेपूट हलवली. त्याने रेस सोडली, गाडी आपसूक शांत झाली. तो थांबला, टेम्पोही थांबला. तिथेच रस्त्याच्या कडेला त्याने पेट्या आणखी वीतभर पुढे घेतल्या आणि पुन्हा निघाला.

पुढच्या दिवशी त्याला दुसरंच काही अनुभवायला मिळालं. डॅम्पर काढून बघावं म्हणून त्याने काढला होता, आणि कोनसेट त्याने मुद्दाम थोडा ढिला ठेवला होता. त्याला ती फडफड स्वतःच्या हातांनी बघायची होती. ऐंशीच्या आसपास ती आली. हँडल त्याच्या मुठीत एखाद्या पकडलेल्या कोंबडीसारखं झटके देऊ लागलं. त्याने रेस सोडली, पकड सैल केली, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून मैलाच्या दगडावर बसला. नाझनीन धावत आली.

“लागलं?”

“नाही.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. “दौंड रस्त्याला असंच झालं होतं गं. अगदी असंच.”

“वाळू होती ना?”

“वाळू होती का, आता आठवत नाही. लोक म्हणाले म्हणून मी म्हणत आलो. पण हे हातांना ओळखीचं आहे.”

नाझनीन त्याच्या शेजारी बसली. खात्रीने सांगता येण्यासारखी ती गोष्ट नव्हती. ती गाडी कधीच भंगारात गेली होती. पण एवढी वर्षं आपल्याला गाडी चालवता येत नाही असं धरून चाललेला माणूस त्या दगडावर बसून स्वतःशीच हसला. मग उठला आणि कोनसेट आवळायला पाना मागू लागला.

आणखी काही सकाळी गेल्या. शेवटी एके दिवशी गाडी पंच्याण्णवला दोरीवर चालल्यासारखी सरळ गेली. मनवाने ती स्वतः नेऊन आणली, एकदा एकटीने, एकदा पेट्यांत विटा भरून. परत आल्यावर हेल्मेट काढलं आणि एवढंच म्हणाली, “आता ही माझी गाडी.”

दिसायला ती पूर्वीसारखी नव्हती. लांब नव्हती, फार तर लांबट होती. जांभळी शिलाई मात्र तीच होती.

दोन-तीन दिवसांनी शामकांतकाका चालत गॅरेजवर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. परवेझने स्टूल पुसून दिलं. मनाशी म्हणाला, आता ऐकून घ्यायचं.

“मी भांडायला आलो नाही,” काका म्हणाले. “मनवाने मला सगळं आत्ता सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिला गाडीवर बसूच दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही चूक दुरुस्त केलीत, चांगलं केलंत. एक विचारू का?”

“विचारा ना काका.”

“अशा गाड्या तुम्ही आणखी किती जणांना दिल्यात?”

परवेझ बोटांवर मोजायला लागला, मधेच थांबला.

“त्यांना कळवलंत का?”

“काका, त्या वरातीच्या गाड्या आहेत. कुणी पळवत नाही.”

“मनवाने पळवली.” काका उठले. “माझी मुलगी हुशारीने वाचली म्हणा, नशिबाने म्हणा. तुम्हाला सांगायचा मला काही अधिकार नाही. मनात आलं ते बोललो.” त्यांनी पिशवीतून पेरू काढून नाझनीनला दिले आणि गेले.

परवेझ त्या दिवशी चिडचिड करत राहिला. अमीर म्हणाला, “धंदा बसेल. मिस्त्रीच सांगायला लागला की माझी गाडी पळवू नका, तर नवीन कोण बनवून घेणार?” खोटं नव्हतं ते. पण दुसऱ्या दिवसापासून परवेझने फोन करायला सुरुवात केली. काही जण हसले. एकाने विचारलं, “काय मिस्त्री, धंदा कमी झाला काय, दुरुस्तीचं काम काढताय?” एकाने गाडी कधीच विकून टाकली होती. दोघा-तिघांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवून दिला. खर्ड्याचे भिमाजी मात्र फोन उचलत नव्हते. एकदा उचलला आणि “आमची बेस चालती, काय न्हाई तिला,” म्हणून ठेवला. त्यांचा आवाज परवेझला खटकला. चांगल्या चाललेल्या गाडीबद्दल माणूस असं तुटक बोलत नाही. तो अमीरला म्हणाला, टेम्पो काढ.

भिमाजींचा खर्ड्यात बँड होता आणि मांडवाचा व्यवसाय. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला घर, बाजूला पत्र्याचं शेड. शेडमध्ये ढोल, खुर्च्यांच्या चळती आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली परवेझने बनवलेली लाल लांब गाडी. भिमाजींनी चहा सांगितला, पण गाडीचा विषय आला की ते मांडवाच्या बांबूंबद्दल बोलायचे. शेवटी परवेझ स्वतःच उठला आणि ताडपत्री उचलली. उजवा पायदांडा वाकलेला. टाकीच्या एका बाजूचा रंग खरवडून पत्रा दिसत होता.

“ही पडली कधी, भिमाजीराव?”

भिमाजींनी तंबाखूची डबी काढली, पुन्हा खिशात घातली. “गेल्या साली. आमचा पुतन्या, आदिनाथ. जामखेडला सुपारी हुती, बँड म्होरं गेल्ता, ह्यो गाडी घिऊन मागनं निघाला. मोकळा रस्ता गावला तर पळिवली आसंल. पडला. खांद्याचं हाड मोडलं. सुपारी गेली, गाडी गेली, लई नाचक्की झाली बगा.”

“कसा पडला?”

“कसा म्हंजी? मस्ती! दुसरं काय. तवापून त्येला गाडीला हात लावू देत न्हाई मी. खोटं बोलतो वर. म्हनतो, हँडल आपुआप हललं. आवो, हँडल कुटं आपुआप हलतंय व्हय?”

परवेझने ताडपत्री खाली सोडली. “कुठे आहे आदिनाथ?”

आदिनाथ घरातच होता. पंचविशीचा, अंगाने बारीक. चुलत्याने हाक मारल्यावर तो दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. ह्या विषयावर बोलायचं सोडून दिलेला माणूस जसा उभा राहतो तसा.

“आदिनाथ, मी परवेझ. गाडी मी बनवली होती,” परवेझ म्हणाला. “पडलास तेव्हा काय झालं होतं?”

“सांगितलंय सगळ्यास्नी.”

“मला नाही सांगितलंस.”

आदिनाथने चुलत्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “हँडल फडफडाया लागलं. म्या दाबून धरलं. जेवडं दाबलं तेवडं जास्त हलाया लागलं. मंग ब्रेक मारला.”

“किती वेगाने होतास?”

“ऐंशी-पंच्याऐंशी आसंल.”

“बरोबर आहे,” परवेझ म्हणाला. “अगदी बरोबर सांगितलंस. मी स्वतः बघितलंय तसं होताना. भिमाजीराव, तुमचा पुतण्या खोटं बोलला नाही. त्याच्या हातात दोष नव्हता. गाडीत होता, आणि गाडी माझ्या हातची.”

चहा घेऊन आलेल्या विजयमालाकाकू, भिमाजींच्या पत्नी, कपबशा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. भिमाजींचा चेहरा आधी लाल झाला. ते परवेझवर ओरडतील असं अमीरला वाटलं, तो पुढे सरकला. पण भिमाजी उठले आणि पायात चपला सरकवल्या.

“चला माज्यासंगं.”

“कुठे?”

“हाटेलावर. गाव सगळं तितं बसतंय. हे हितं शेडात सांगून काय उपेग? समद्या गावानं पोराला हासलंय. बँडमदली मानसं आजून त्येला ‘फडफड’ म्हनून हाका मारत्यात. तितं सांगा.”

आदिनाथ म्हणाला, “नाना, ऱ्हाऊ द्या.”

“तू गप ऱ्हा. चल तूबी.”

परवेझला हे अवघड गेलं. भर दुपारी, अनोळखी माणसांसमोर, बाकड्यांच्या मधे उभं राहून स्वतःच्या गाडीचा दोष सांगायचा. अमीर त्याच्या कानात म्हणाला, “इथून पुढे खर्ड्याचं एक गिऱ्हाईक येणार नाही.” परवेझ बोलला. मान कशी कलती केली होती, हँडल का फडफडतं, घट्ट धरलं की कसं वाढतं, सगळं सांगितलं. सांगता सांगता मनवाचं नाव न घेता हेही सांगितलं, की एक बाई नगरला ह्यातूनच थोडक्यात वाचली. कुणीतरी मागून विचारलं, “म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं व्हय?” परवेझ म्हणाला, “पहिल्यापासून.” बँडमधला एक ताशावाला खाली मान घालून चहा ढवळत बसला होता. तो उठला, आदिनाथच्या जवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर निघून गेला.

आदिनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याने पाण्याचा जग उचलून चूळ भरण्याचं निमित्त केलं.

लाल गाडी त्याच दिवशी टेम्पोत चढवली. आदिनाथचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तो खालून रेटा देत होता आणि भिमाजी वरून ओढत होते. “मान कापणार हायेत म्हनं,” भिमाजी विजयमालाकाकूंना म्हणाले. “वरातीत शोभंल का मंग?” काकू म्हणाल्या, “शोभाया नवरा हाय की. गाडीनं नीट चालावं म्हंजी झालं.”

अमीरचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. खर्ड्याकडून नवीन काम आलं नाही. इतर ठिकाणचे काही जण ‘कमी लांब’ गाडीवर खूश नव्हते. ते दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले, आणि रस्त्यात त्यांच्या गाड्या दिसल्या की परवेझ पुढच्या चाकाकडे बघून अस्वस्थ व्हायचा. काही जण आपल्या जुन्या गाड्या परत घेऊन आले, कुरकुरत का होईना. मनवाच्या ओळखीतले चार-दोन फिरणारे लोक यायला लागले. त्यांना दिसण्याइतकंच पळण्याशी देणंघेणं होतं. परवेझ आता प्रत्येक गाडी स्वतः रस्त्यावर नेतो. तळहात अजूनही भिजतात. नाझनीनने त्याला सुती हातमोजे शिवून दिले आहेत.

लाल गाडी तयार झाल्यावर आदिनाथ ती न्यायला एस.टी.ने आला. परवेझ त्याच्या मागे बसून बाह्यवळण रस्त्यावर गेला आणि वाटेत एकदाही ‘हळू’ म्हणाला नाही. मग आदिनाथ एकटाच खर्ड्याला निघाला.

पुढे एकदा संध्याकाळी भिमाजींचा फोन आला. आधी इकडचं-तिकडचं, लग्नसराईचं, बांबूंच्या भावाचं. मग म्हणाले, “आदिनाथ गाडी घिऊन बार्शीला गेलाय. सांगून गेला. आंधार पडाया लागला, आजून आला न्हाई.”

“फोन करू का त्याला?” परवेझने विचारलं.

“छ्या! गाडी चालवताना कशाला. यील की निवांत,” भिमाजी म्हणाले, आणि पुन्हा बांबूंच्या भावावर आले.